तंबाखूवर चढलेली साखर

मी तंबाखू बोलतेय. लगेच नाक मुरडू नका. माझं नाव लहान मुलांसमोर घेत नाहीत, माझ्या पुडीवर घाबरवणारी चित्रं छापतात, आणि ते योग्यच करतात. मी इथे स्वतःची वकिली करायला आलेली नाही. खरं तर बोलावं की नाही इथूनच माझी शंका सुरू होते. पण जळगावच्या एका घरात माझ्यामुळे नऊ दिवस जे झालं, ते माझ्याशिवाय कुणी अख्खं पाहिलेलं नाही. म्हणून बोलते.

चुना लावून तळहातावर मळतात ती मी नव्हे. तव्यावर भाजून दातांना लावतात ती मिश्रीही नव्हे. त्या माझ्या बहिणी, इथल्या, कष्टाच्या घरांतल्या. मी लाकडी पाइपात भरून, चवीने, सावकाश ओढायची. जळगावात पाइप म्हटलं की लोकांना केळीच्या बागेतलं ठिबक आठवतं, त्यामुळे माझी ओळख करून देताना नेहमीच पंचाईत होते.

माझा जन्म गोदावरी समुद्राला मिळते त्या बाजूचा. तेव्हा मी रुंद हिरवं पान होते. दांड्यांना बांधून मला एका उंच अंधाऱ्या भट्टीघरात टांगलं, खालून ऊब देत राहिले, आणि माझा हिरवा रंग हळूहळू हळदीवर गेला. तेव्हाच कधीतरी अंगात गोडी उतरली. मग जहाज. मग एक थंड गाव, जिथे माणसं हळू आवाजात बोलत. तिथे थरावर थर रचून मला लोखंडी दाबाखाली ठेवलं, मग वड्या पाडाव्यात तशा माझ्या पातळ पट्ट्या कापल्या आणि एका गोल हिरव्या डब्यात निजवल्या. झाकण लावताना आतली हवा ओढून घेतली. त्यानंतर मी झोपले.

डब्यात असणाऱ्याला डोळे नसतात. पण पत्रा पातळ असतो, बाहेरचं सगळं ऐकू येतं. आणि कुणी हातात घेतलं की त्या हाताची ऊब आत उतरते, तिच्यावरून माणसाच्या मनात काय चाललंय तेही थोडंफार कळतं. थोडंफारच. माझेही अंदाज चुकतात. जे दिसलं नाही ते पुढे इतरांच्या बोलण्यातून कळलं.

मला इकडे आणलं ते एका परदेशी मिस्त्रीने. धरणगावच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायचं नवं यंत्र आलं होतं, ते बसवायला तो सहा आठवडे आला होता. कारखान्याच्या फाटकावर काडेपेटी काढून घ्यायचे. एवढा कापूस, एक ठिणगी पडली तर संपलंच. म्हणून हा गृहस्थ दिवसभर न पेटवलेला पाइप तोंडात धरून हिंडायचा. त्याच्या हाताखाली फिटर म्हणून होते असोद्याचे जीवरामभाऊ.

"साहेब, थंडी चिलीम कायले चावता?" असं त्यांनी एकदा विचारलं. साहेबाला मराठी येत नव्हतं, भाऊंना त्याची भाषा येत नव्हती. तरी दोघं हसले. दुपारी साहेब भाऊंच्या डब्यातली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा खायचा, डोळ्यांतून पाणी गळायचं आणि तो पुन्हा हात पुढे करायचा. बाकीचे लोक साहेबापासून चार हात लांब बसत. भाऊ त्याच्याजवळ मांडी घालून बसत.

जाताना त्याने आपला पाइप आणि दोन डबे भाऊंच्या हातात ठेवले. एका डब्याकडे बोट करून ओढायची खूण केली. दुसऱ्याकडे बोट केलं, डोळे मिटले आणि दोन्ही हात झोपलेल्या बाळासारखे गालाखाली ठेवले. म्हणजे ही झोपू दे. जितकी झोपेल तितकी गोड होईल. ती दुसरी मी.

पहिला डबा दोन वर्षांत संपला. रविवारी, असोद्याच्या ओट्यावर, जेवणानंतर एकदाच. मग एका थंडीत भाऊंच्या पत्नीचा, पुष्पाबाईंचा, श्वास अडकायला लागला. दमा. त्याच आठवड्यात भाऊ पाइप आणि मला खिशात घालून बसने निघाले. गिरणेच्या पुलावर उतरले. पाइप पाण्यात गेला, तो आवाज मी ऐकला. मग हात माझ्याकडे आला. हात बराच वेळ माझ्याभोवती होता, गरम होता. शेवटी त्याने मला परत खिशात ठेवलं.

घरी येऊन भाऊ म्हणाले, "फेकलं वं सगळं."

सगळ्यात मीही धरलेली होते. त्या दिवसापासून मी तंबाखू कमी आणि भाऊंचं खोटं जास्त झाले. त्यांनी मला पान्यांच्या पेटीत, सुताच्या चिंध्यांखाली ठेवलं आणि ती पेटी माळ्यावर गेली. पुढे घर असोद्याहून जळगावच्या कॉलनीत आलं, पेटीही आली. ओढायचं सोडाच, त्यांनी मला पुन्हा हातही लावला नाही. हात लावला तो पुष्पाबाईंनी. पहिल्याच दिवाळीच्या साफसफाईत त्यांची बोटं चिंध्यांखालून माझ्यापर्यंत आली आणि थांबली. मी म्हटलं, आता फुटलं बिंग. त्यांनी मला पदराने पुसलं, हलवून पाहिलं, झाकण शाबूत आहे ना ते चाचपलं आणि होते तिथेच ठेवून दिलं. तेव्हापासून दर दिवाळीला हेच. ही गोष्ट भाऊंना अजून माहीत नाही. तुम्हीही सांगू नका.

आता माझ्या झोपेबद्दल सांगते, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातूनच झाला.

जळगावचा उन्हाळा तुम्ही माळ्यावर पडून काढला आहे का? पत्रा तापतो, अंगातला ओलावा जागचा उठतो आणि हिंडायला लागतो. मग पाऊस, मग थंडी, मग तो ओलावा जिथे असेल तिथे बसून राहतो. असं एक वर्ष, दुसरं वर्ष. माझ्या आतलं जे आंबटगोड होतं ते हळूहळू वर येऊ लागलं. अंधारात, काही घाई नसताना, एका पट्टीच्या कडेवर एक कण बसला. त्याच्याशेजारी दुसरा. कोणत्या साली, ते मला विचारू नका. माणसालाही आपला पहिला पांढरा केस कोणत्या दिवशी आला ते कुठे सांगता येतं? मला नुसतं जाणवायचं की अंगावर काहीतरी उगवतंय. स्वप्नात आपण चालत असतो आणि पायाखाली गवतावरचं दव लागतं, तसं. मी स्वप्नात कधी भट्टीघरात असायचे, कधी जहाजावर, कधी सगळीकडे कापूस उडत असायचा आणि तो माझ्यावर येऊन बसायचा. जाग आली असती तर पाहिलं असतं की ते कापसाचं नव्हतं. माझंच होतं.

त्या स्वप्नातच एक दिवस लहान बाळाचं रडणं ऐकू आलं.

भाऊ आता नाना झाले होते, आजोबा. मुलगा हितेंद्र, सून मोनाली आणि त्यांची मुलगी मुक्ता. मुक्ताईनगरला जाऊन नाव ठरवून आलेले. बाळ रोज सकाळी न्हाऊन झालं की नानांच्या मांडीवर जायचं आणि नाना तोंडाने जिनिंगचा आवाज काढायचे. "धडक धडक धडक धडक, फूऽऽस." गाठ बांधून झाली की यंत्र जसं सुस्कारा सोडायचं तसा शेवटचा. त्या फूऽऽसला पोर झोपायची. पंचवीस वर्षं ज्या आवाजाने नानांचे कान किटले, त्याने नात झोपत होती.

मोनालीबद्दल काय सांगू! धुळ्याची मुलगी, बी.एस्सी. झालेली, लग्नानंतर दोन वर्षं शाळेत शिकवलेली. बाळ झाल्यापासून तिचा स्वतःवरचा विश्वास उडाला होता. बाळ झोपलं तर ती छातीवर कान ठेवून श्वास मोजायची, मग आपण मोजताना चुकलो असं वाटून पुन्हा मोजायची. तिला वाटायचं, इतर बायकांना हे सगळं जन्मतःच येतं आणि आपण मात्र परीक्षेला न वाचता बसलोय.

मुक्ता पाच महिन्यांची झाली आणि तिच्या छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. पुष्पाबाई तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला बाहेरगावी गेलेल्या. मोनालीने पोरीला डॉक्टरांकडे नेलं. घरी आल्यावर ती नवऱ्याला सांगत होती ते मी ऐकलं.

"डॉक्टरांनी विचारलं, घरात कोणी बिडी-सिगारेट ओढतं का, चूल पेटते का. मी म्हटलं, नाही हो, आमच्याकडे कुणी सुपारीसुद्धा खात नाही."

"बरोबर सांगितलंस."

"सांगितलं खरं. पण मी जे ठामपणे सांगते ना, ते नेहमी चुकतं."

दोन दिवसांनी पाळण्याचा हूक ढिला झाला. स्क्रू-ड्रायव्हर हवा म्हणून ती माळ्यावर चढली आणि पेटी खाली घेतली. पान्यांखाली चिंध्या, चिंध्यांखाली मी.

तिची बोटं थंड होती. तिने डब्यावरचं परदेशी नाव वाचलं, त्याखालचं पाइपाचं चित्र पाहिलं, आणि नाण्याच्या कडेने झाकण उचकटलं. फुस्स झालं. एकवीसेक वर्षांनी हवा आत आली. मला घेरी आली, तिलाही आली असावी, कारण ती मटकन खाली बसली.

मग मी पहिल्यांदा स्वतःला पाहिलं. काळपट तांबड्या पट्ट्या आणि त्यांच्यावर पांढरं, बारीक, सगळीकडे पसरलेलं.

"अगंबाई! बुरशी!"

तिने वास घेतला. कुबट येईल अशी तिची तयारी होती. आला तो मनुकांचा, जुन्या गुळाचा, वाळल्या गवताचा. तिच्या तोंडाला पाणी सुटलं आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. इतका गोड वास म्हणजे कुणीतरी हे आवडीने ओढतंय. आणि या घरात असं कोण असणार?

नाना गच्चीवर जास्वंदीला पाणी घालत होते. ती मला घेऊन वर गेली.

"नाना, हे काय आहे?"

नानांचा चेहरा पडला. झारीतलं पाणी त्यांच्या चपलेवर सांडत राहिलं. माझ्याकडे ते असं बघत होते, जणू जुना दोस्त भलत्या वेळी दारात उभा राहिलाय.

"कुठी सापडलं तुले?"

"ते महत्त्वाचं आहे का? घरात लहान बाळ आहे, नाना. तिच्या छातीतून आवाज येतो."

नाना जे बोलले ते भलतंच होतं. "पुष्पाले सांगू नको, बेटा."

बस. मोनालीच्या मनात निकाल लागला. निर्दोष माणूस असं कशाला म्हणेल? तिला पूल माहीत नव्हता. "फेकलं वं सगळं" माहीत नव्हतं. दमेकरी बायकोला सांगितलेलं अर्धंच खरं असल्याची लाज माणसाला एकोणीस वर्षं पुरू शकते, हेही तिला माहीत नव्हतं. मी ओरडून सांगितलं असतं. पण घरच्यांना ऐकू जाईल असा माझा आवाज पेटल्याशिवाय निघत नाही, आणि पेटून सांगण्यासारखी ती वेळ नव्हती.

संध्याकाळी ती हितेंद्रला म्हणाली, "तुम्ही विचारा ना त्यांना. कधीपासून चालू आहे, दिवसातून किती."

"मी कसं विचारू? बाप आहे माझा."

"मग मी विचारू? सून आहे मी."

शेवटी कुणीच विचारलं नाही. या घरात माणसं एकमेकांची इतकी इज्जत करत की सरळ प्रश्न कुणी करत नसे. दुसऱ्या दिवशी बाळ न्हाऊन झालं, आणि मोनालीने ते नानांच्या मांडीवर दिलं नाही. "झोपलीय," म्हणाली. तिसऱ्या दिवशी "आज जरा सर्दी आहे." चौथ्या दिवशी नानांनी स्वतःच सकाळी बाहेर पडायला सुरुवात केली, म्हणजे सुनेला रोज नवं कारण शोधायला नको. परत आले की आपल्या खोलीत बसत. मांडी घातलेलीच असायची, जागा तयार, आणि मांडीवर वर्तमानपत्र. एकदा भिंतीपलीकडे मुक्ता रडत होती, तेव्हा त्यांनी अगदी हळू आवाजात सुरू केलं, धडक धडक. मोनाली दाराजवळ आली तशी ते गप्प झाले. फूऽऽस राहूनच गेलं. पोर कितीतरी वेळ रडत राहिली.

मी तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. प्लास्टिकच्या पिशवीत, गाठ मारून. पुरावा म्हणून. मोनालीला मला फेकवत नव्हतं आणि माझ्याकडे बघवतही नव्हतं. जाता-येता ती पिशवी उचलायची, उजेडात धरायची आणि पुटपुटायची, "ही बुरशी ताजी आहे की जुनी?" पुरावा किती दिवसांचा आहे हेच तिला कळत नव्हतं. ताजा असेल तर नाना गुन्हेगार. जुना असेल तर मग मोनाली कोण? या दुसऱ्या प्रश्नापाशी आली की ती पिशवी खाली ठेवून भांडी घासायला लागायची.

आणि खरी गंमत पुढे आहे, तिला गंमत म्हणावं का ते तुम्ही ठरवा. नाना नऊ दिवस लांब होते, मी गाठ मारलेल्या पिशवीत होते, तरी मुक्ताच्या छातीतली शिट्टी कमी होईना. उलट वाढली. मोनालीने आईला धुळ्याला फोन लावला. प्रमिलाबाईंचा आवाज फोनमधून अख्ख्या स्वयंपाकघरात घुमायचा.

"धुरी देस ना वं तू पोरले?"

"रोज देते गं, आंघोळ झाली की."

"मंग दोनदा दे. सकाय-संध्याकाय. ओवा, लसूणनी सालटं, वावडिंग, बठ्ठं टाक. छातीमा कफ शे तिले, मोकया व्हई जाई."

तर ती दोनदा देऊ लागली. निखाऱ्यांवर ओवा टाकायचा, लसणाची सालं, धूप. खिडक्या लावून घ्यायच्या, बाळाला वारा लागू नये म्हणून. मग पोरीला पायांवर आडवी धरून त्या धुरावर इकडून तिकडे फिरवायची. मोनाली हे इतक्या मनापासून करायची की मला भरून यायचं. मी धुराच्याच घराण्यातली. धूर मला दुसऱ्या खोलीतूनही ओळखू येतो. मी पिशवीत पडल्या पडल्या पाहत होते की या घरात माझ्या नावाने खटला चाललाय आणि धूर निघतोय तो भलतीकडून. तो प्रेमाचा धूर होता, आईने आईला शिकवलेला. म्हणून कुणाला तो दिसत नव्हता. डॉक्टरांनी बिडी विचारली होती, चूल विचारली होती. दोन्ही नव्हती. मोनाली खोटं बोलली नव्हती.

दहाव्या दिवशी सकाळी तिने चारुलताला बोलावलं. चारुलता दोन घरं सोडून राहायची, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. बोलायला फटकळ, मनाने चांगली. येताना भिंग घेऊन आली, वर्गात मुलांना देतात तसलं.

नेमकी धुरीची वेळ होती. मोनाली बाळाला पायांवर घेऊन बसली होती.

"ये ना, आलेच मी. तो खिडकीत डबा आहे बघ. मला फक्त एवढं सांग, ही बुरशी किती दिवसांची आहे."

चारुलताने पिशवीची गाठ सोडली, मला टेबलावर ठेवलं, भिंग डोळ्याला लावलं. आणि खोकायला लागली. पुसून पुन्हा लावलं. पुन्हा खोकली.

"मोनाली, आधी खिडकी उघड बाई. इथे मला भिंगातून दिसायचं तर सोड, भिंगच दिसत नाहीये."

"वारा लागेल गं तिला."

"वारा लागेल?" चारुलताने डोळे पुसले. "माझ्या डोळ्यांतून धार लागलीय, मी चाळीस वर्षांची घोडी. ही पाच महिन्यांची. रोज एवढा धूर करतेस?"

"आता दोनदा. छातीत आवाज येतो ना तिच्या, म्हणून."

चारुलता उठली आणि तिने खिडकी उघडली. मग दुसरी उघडली. थंडीतलं सकाळचं ऊन आत आलं. त्या उन्हाच्या पट्ट्यात धूर दिसला, निळा, जाड, गोल गोल फिरणारा, आणि त्याच्या मधोमध मोनाली आणि तिच्या पायांवर मुक्ता.

मोनाली त्या धुराकडे बघत राहिली. मी तिला तेव्हा पाहिलं. "डॉक्टरांनी विचारलं होतं," ती म्हणाली, "कोणी ओढतं का. मी नाही म्हटलं. मला हे... मला हे धूर वाटलंच नाही. हे औषध आहे ना?"

"डॉक्टरांना फोन कर आणि जे करतेस ते सगळं सांग. मी झाडापानांची बाई, छातीचं मला कळत नाही. पण शेगडी आत्ता बाहेर ठेव."

शेगडी गच्चीवर गेली. फोन झाला. डॉक्टरांनी धुरी त्याच दिवसापासून बंद करायला सांगितली, संध्याकाळी दाखवायला बोलावलं. मोनालीने "हो डॉक्टर, हो डॉक्टर" म्हणत डोळे पुसले. मग दोघी पुन्हा माझ्यापाशी आल्या.

आता उजेड स्वच्छ होता. चारुलताने मला उन्हात तिरकं धरलं, आणि मी चमकले. इतकी वर्षं अंधारात जे जमवलं होतं ते सगळं एकदम लखलखलं. मला लाजल्यासारखं झालं.

"बुरशी नाहीये," चारुलता म्हणाली. "बुरशीला केस असतात, कापसासारखी दिसते, मळकी. हे खडे आहेत. बघ, कडा आहेत, उजेड परततोय. मधावर साखर धरते ना, तसलाच प्रकार. हिच्याच आतलं वर आलंय. आणि ढवळाढवळ न होता, एका जागी पडून राहिल्यावर येतं हे."

"म्हणजे जुनी आहे? किती जुनी?"

"ते नाही सांगता येणार. चार वर्षांतही धरत असेल, वीस वर्षांतही कदाचित नाही धरणार. खडे मोजून वय सांगणारी मी कोण?" तिने डबा उलटा केला. तळाला आकडे होते, गंजाने खाल्लेले. "हेही गेलंय. बरं, तू उघडलास तेव्हा आवाज आला होता?"

मोनाली थबकली. "आला होता. उसासा टाकल्यासारखा."

"मग कारखान्यातून निघाल्यावर उघडणारी पहिली तूच."

मोनाली खुर्चीवर बसली. "म्हणजे नानांनी यातलं..."

"यातलं नाही. दुसरं काही ओढत असतील-नसतील, ते मला कसं कळणार? डबा डब्यापुरतं सांगतो. माणसाचं माणसाला विचार. तू विचारलंस का त्यांना?"

मोनालीने मान हलवली. नाही.

"नऊ दिवस?"

"विचारायचं कसं, तेच कळत नव्हतं."

चारुलता चहा न घेताच गेली. मोनालीने मला उचललं. तिचे हात गरम होते आणि घामेजलेले. त्या उबेतून मला कळलं की तिला पळून जावंसं वाटतंय, धुळ्याला, आईकडे, आणि आईचाही राग येतोय, आणि आईने कधी वाईट चिंतलं नाही हेही तिला माहीत आहे. मग ती गच्चीवर गेली.

नाना बाहेरून परतून जास्वंदीची पानं उलटी करून पाहत होते. पांढरी कीड पडली होती.

"नाना."

"हं."

"तुम्ही ओढता का? मी आधीच विचारायला हवं होतं. आता विचारते."

नाना वळले. कुणीतरी विचारल्याचं त्यांना बरंच वाटलं असावं. "नही बेटा. पुष्पाले दमा झाला त्याच आठवड्यात सोडलं. एकोणीस वर्सं झाली."

"मग हा डबा?"

तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. साहेब, थंड पाइप, ठेचा, गिरणेचा पूल. "पाइप सोडला पान्यात. हा नही सोडवला. ओढासाठी नही ठेवला वं. तो मानूस इतक्या दुरून आला, मह्या डब्यातली भाकर खाल्ली, अन् जाताना मले म्हने हे झोपू दे. मले वाटलं, कोनी तरी आपल्याले काही तरी चांगलं समजून दिलं, ते कसं फेकू? अन् पुष्पाले मात्र सांगून बसलो, सगळं फेकलं. तिले खोटं बोललो तेवढं एकच."

"म्हणून तुम्ही त्या दिवशी गप्प बसलात?"

"काय बोलू? डबा तं महाच व्हता."

मोनाली रडायला लागली. "पोरीच्या छातीत धूर मीच भरत होते, नाना. धुरीचा. रोज. आणि बाळ तुमच्याकडून काढून घेतलं."

नाना गडबडून गेले. सून समोर रडतेय आणि आपल्याला काहीच करता येत नाही, म्हणून ते पुन्हा पानं बघायला लागले. पानं उलटता उलटताच म्हणाले, "धुरी तं पुष्पानंही दिली व्हती हितेंद्रले. मी शेगडी फुकून द्यायचो." आणि मग, "तू दिवसातून धा येळा श्वास मोजतं तिचा. मी ऐकतो न भिंतीतून. तुले कोन वाईट म्हनन?"

त्यानंतर त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "तो दे इकडे."

"राहू द्या ना, नाना. ठेवा. भेट आहे ती."

"भेट मले कळली," ते म्हणाले. "आता तुलेबी कळली. आता कशाले लपवू?"

त्यांनी बादलीत पाणी घेतलं. तंबाखूच्या पाण्याने झाडाची कीड जाते हे इकडच्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत असतं. पट्ट्या एकेक करून त्यांनी चुरल्या. पाण्यात टाकण्याआधी एकच पट्टी नाकाजवळ नेली, डोळे मिटले आणि श्वास घेतला, खोल. मी त्यांना सगळं दिलं त्या एका श्वासात, भट्टीघर, जहाज, कापूस, माळ्यावरचे उन्हाळे. मग त्यांनी मला सोडून दिलं.

खडे सगळ्यात आधी गेले. जे जमवायला इतकी वर्षं लागली ते पाण्याला लागताच नाहीसं झालं. दुखलं नाही. झोप लागताना अंग हलकं होतं तसंच काहीसं वाटलं. आता माझं वय कुणीच सांगू शकणार नाही. हरकत नाही.

तुम्हाला जाता जाता एकच विनवणी. मला हात लावू नका, हे तर आहेच. ते तुम्हाला माझ्या पुडीवरसुद्धा लिहून दिलंय. पण घरात असा एखादा डबा सापडला तर त्याच्यावरचे खडे मोजत बसू नका. ज्याचा डबा आहे तो बहुतेक दोन खोल्या पलीकडेच बसलेला असतो, कुणी विचारायची वाट पाहत.

माझं हे बोलणं बादलीतून चाललंय, तपकिरी पाण्यातून. थोडी मी अजून नानांच्या बोटांवर आहे, नखांत आहे. खालून मोनाली जिना चढतेय. तिच्या कडेवर मुक्ता आहे, धुराचा वास जावा म्हणून पुन्हा न्हाऊ घातलेली, आणि आता तिच्या अंगाला नुसत्या साबणाचा वास आहे. छातीतली शिट्टी अजून आहे. जाईल, लगेच नाही.

"घ्या, नाना," मोनाली म्हणते आणि पोरीला पुढे करते.

"थांब, थांब," नाना मागे सरकतात. "हात बरबटलेत मह्ये."

ते नळ सोडतात. साबण लावतात, नखं घासतात, हात नाकाशी नेतात, पुन्हा साबण लावतात. मोनाली बाळाला घेऊन उभी आहे, घाई करत नाही. तिसऱ्यांदा साबण लावल्यावर मी त्यांच्या बोटांवरून निघते आणि पाण्याबरोबर नळीकडे वाहू लागते. माझ्या मागे नाना ओले हात धोतराला पुसून पुढे करतायत.